पोलीस पाटील राहिलेच की

पोलीस ठाण्यातल्या नोंदींवरून गावातल्या भांडणांचा अभ्यास करण्याबद्दल इथे चर्चा चाललीय, त्यात कोणीतरी म्हटलंय की लोक पोलिसांना घाबरतात म्हणून तक्रारच देत नाहीत. असेल, पण आमच्या गुहागर बाजूला निम्मी भांडणं ठाण्यापर्यंत पोचतच नाहीत, पोलीस पाटलांच्या पातळीवरच मिटतात. पद 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यातलं, माणूस गावातलाच, खाकी नाही काही नाही, नुसतं मानधन. गेल्या मे महिन्यात गडग्यावरून (हद्दीच्या दगडी कुंपणावरून) आमचं चुलत्यांशी वाजलं तर पाटील आले, पडवीत बसून कोकम सरबत घेतलं, सुंभ ताणून माप धरलं आणि बीट हवालदाराला (आमचा भाग बघणाऱ्या पोलिसाला) फोन, "मिटला हो विषय". कागदावर एक ओळ नाही. मग ठाण्यातल्या नोंदी चाळून अभ्यास करणाऱ्याला यातलं काय दिसणार? (पाटलांची उठबस चुलत्यांकडे, त्यामुळे वीतभर जागा आमचीच गेली, ते सोडा.)