मदत हवी आहे: पेपरमध्ये हितसंबंध जाहीर करायचे आहेत, गाईड 'नको' म्हणताहेत

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी करतेय. वसतिगृहातल्या मुलामुलींचं नैराश्य ॲपवरच्या सीबीटीने (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीने) कितपत कमी होतं, यावरचा पेपर तयार आहे. प्रत्येक लेखकाने आयसीएमजेईचा (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा) हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म भरायचाय आणि तिथेच गाडी अडलीय.

ॲप बनवणाऱ्या कंपनीसाठी मी मागच्या वर्षी, अभ्यास चालू असतानाच, समुपदेशकांची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. १८ हजार रुपये मानधन मिळालं. सर, म्हणजे माझे गाईड, त्याच कंपनीचे सल्लागार आहेत. ते म्हणतात, "अभ्यासाला कंपनीने एक पैसा दिलेला नाही. 'काही नाही' लिही आणि पाठव." पण फॉर्म तेवढंच विचारत नाही. मागच्या ३६ महिन्यांतलं मानधन, सल्लागारी, शेअर, प्रवासखर्च, सगळं विचारतो. माझी कार्यशाळा त्यात सरळ बसते.

सरांचं दुसरं म्हणणं, हे औषध कंपन्यांच्या बाबतीत ठीक, थेरपीत कसले आलेत हितसंबंध? मला हे अजिबात पटत नाही. पॅरॉक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाच्या, कंपनीच्याच पैशाने झालेल्या 'स्टडी ३२९'बद्दल तर आपण सगळेच शिकतो. २७५ किशोरवयीन मुलं, २००१च्या पेपरात औषध गुणकारी आणि सोसवणारं ठरलं, २०१५ला बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात तीच आकडेवारी नव्याने तपासली तर दोन्ही दावे टिकले नाहीत. आणि आपल्याकडे तर रक्ताचा रिपोर्टही नसतो. पीएचक्यू-९चे (नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचे) प्रश्न मीच समोर बसून वाचले, उत्तरंही मीच टिपली. मुलं ताईला बरं वाटावं म्हणूनही 'आता झोप लागते' म्हणतात हो.

शेवटच्या फेरीत एका मुलीने फोन उलटा ठेवला आणि विचारलं, "ताई, हे ॲप तुमचंच आहे का?" मी "नाही गं" म्हटलं. ते खरंच होतं, पण मानधनाचं तिला सांगितलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. तिने सही केलेल्या संमतीपत्रात ना माझ्या मानधनाचा उल्लेख आहे, ना सरांच्या सल्लागारीचा.

माझा फॉर्म मी खराच भरणार, हे ठरलंय. अडचण पुढची आहे. मी लिहिलं आणि सरांनी 'काही नाही' लिहिलं, तर संपादक काय करतात? पत्रव्यवहार सरांच्या नावावर आहे आणि माझ्या प्रबंधावर सहीही त्यांचीच लागणार. कुणी यातून गेलं असेल तर सरांशी कसं बोललात ते सांगा. एथिक्स कमिटीला मी एकटीने, सदस्य-सचिवांच्या नावे पत्र दिलं तर चालतं का? सहभागी मुलांना आता कळवायचं असेल तर कमिटीची परवानगी आधी लागेल ना?

वाक्य असं लिहिलंय, चुकत असेल तर दुरुस्त करा: 'लेखिकेने अभ्यासकाळात ॲपच्या निर्मात्या कंपनीकडून प्रशिक्षणासाठी मानधन घेतले. सहभागींचे मूल्यमापनही लेखिकेनेच केले.' दुसरं वाक्य फॉर्ममध्ये घालू की मर्यादांच्या भागात?

सोमवारी सरांना भेटायचंय, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.