आर्मीतनं डिस्चार्ज झालेल्या जवानाला परत घेतात का? (भावासाठी विचारतेय)

खटावची_लेक

नमस्कार, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज. माझा धाकटा भाऊ २०१६ ला आर्मीत लागला, शिपाई जीडी (जनरल ड्युटी). आमच्या खटाव भागात घरटी एकतरी फौजी असतोच, त्यामुळं आता गावात काय काय बोललं जातंय ते सांगायला नको. गेल्या दिवाळीनंतर त्याला डिस्चार्ज देऊन घरी पाठवलाय. कोर्ट मार्शल वगैरे काही नाही. कागदावर 'सर्व्हिस नो लाँगर रिक्वायर्ड' (म्हणजे आता सेवेची गरज नाही) असं कारण आहे आणि आर्मी रूल १३ (३) लिहिलंय. डिस्चार्ज बुकात कॅरॅक्टरपुढं 'फेअर', म्हणजे खालचाच शेरा.

चार रेड इंक एंट्र्या (शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी) झाल्या म्हणतात. तीन सुट्टीवरनं उशिरा हजर झाल्याच्या, कारण आईचं डायलिसिस चालू होतं आणि साताऱ्याला घेऊन जायला दुसरं कोणी नव्हतं, मी सासरी. चौथी मोबाईलची. शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस आली तेव्हा युनिटमधल्या क्लार्कनं सांगितलं तसं त्यानं दोन ओळी लिहून दिल्या की मला काही म्हणायचं नाही. त्याला वाटलं गप्प राहिलं की साहेब माफ करतील.

आता पोरगं २८ चं आहे. सकाळी अॅकॅडमीतल्या भरतीच्या मुलांना पळवायला जातं आणि घरी आलं की कुणाशी बोलत नाही. त्याला परत जायचंय, दुसरं काही सुचतच नाही. परत भरती होता येतं का? टीएमध्ये (टेरिटोरियल आर्मीत) घेतील का? एक्स-सर्व्हिसमनच्या कोट्यातनं पोलीस वगैरे? आणि एक एजंट म्हणतोय की रेकॉर्ड ऑफिसात ओळख आहे, दोन लाखात काम करून देतो. खरं असतं का असं काही?

माणदेशी_गडी

ताई, टीएची भरती बघा. कोल्हापूरला टेंबलाईवर १०९ टीए आहे, मराठा लाईट इन्फंट्रीची, तिथं वय ४२ पर्यंत चालतं. आणि फॉर्मवर आधीच्या नोकरीचं लिहूच नका ना, सिव्हिल म्हणून जायचं. कोण बघतंय.

सुभेदार_रिटायर्ड

वरच्या भावानं वयाचं बरोबर सांगितलं, बाकीचं ऐकू नका. एनरोलमेंट फॉर्मवर सरळ प्रश्न असतो की आधी सैन्यात होता का, कसा सुटलात. तिथं खोटं लिहिलं आणि सापडला तर आर्मी अॅक्टचं कलम ४४ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि सापडणारच, बोटांचे ठसे आणि आधार आहे आता. आज नुसता डिस्चार्ज आहे, उद्या पोरगं आत जाईल.

खरं लिहून गेला तर डिस्चार्ज बुक मागतील आणि पहिलं कॅरॅक्टरचं पान उघडतील. 'फेअर' बघितल्यावर पुढचं बोलणं होत नाही. रेग्युलर भरतीचं तर नावच नको, २०२२ पासून जवान अग्निवीर म्हणूनच घेतात आणि त्याला साडेसतराची पोरं रांगेत उभी असतात.

एजंटला दारात उभा करू नका. असला डिस्चार्ज ब्रिगेड कमांडरच्या हुकमानं होतो, तो रेकॉर्ड ऑफिसातला बाबू फिरवणार? मी स्वतः हेड क्लार्क होतो, सांगतो ते ऐका.

एक मात्र बोलतो, राग मानू नका. आईचं आजारपण होतं तर सुट्टी वाढवून मागायची, तार नाही तर निदान फोन करायचा, कंपनी कमांडरपुढं मार्च अप होऊन (रीतसर हजर होऊन) बोलायचं. आमच्या टायमाला जिल्हा सैनिक बोर्डातनं पत्र घेऊन पाठवायचे घरचे, त्यावर सुट्टी वाढायची. चार चार वेळा ओव्हरस्टे झाला की युनिट तरी किती सांभाळणार, त्याच्या जागेवर गार्ड ड्युटी दुसरा पोरगा करतोच ना.

खटावची_लेक

तीनदा, काका. आणि फोन केला होता, सिनियरनं पुढं सांगितलं नाही असं त्याचं म्हणणं आहे. असो, तुमचं बरोबर आहे.

एएफटीवाला_वकील

ताई, तुम्ही 'परत भरती' विचारताय तिथंच गाडी चुकीच्या रुळावर आहे. नव्यानं भरती विसरा. तो डिस्चार्जचा हुकूमच रद्द होतो का ते बघायचं, तो रद्द झाला तर भाऊ 'परत' जात नाही, तो कधी बाहेर पडलाच नव्हता असं धरलं जातं.

आणि इथं तुमच्या बाजूनं दम आहे. चार रेड इंक झाल्या की आपोआप घरी, असा नियम नाहीच. आर्मी हेडक्वार्टरचं २८ डिसेंबर १९८८ चं पॉलिसी लेटर आहे, त्यात आधी प्राथमिक चौकशी करा, मग शो कॉज द्या, आणि माणसाची सर्व्हिस किती झाली, हार्ड स्टेशनला (अवघड भागातल्या पोस्टिंगला) किती राहिला हे सगळं बघा असं आहे. २०१५ ला सुप्रीम कोर्टानं वीरेंद्र कुमार दुबे केसमध्ये हेच धरून डिस्चार्ज रद्द केला, कारण चौकशीच झाली नव्हती, नुसत्या एंट्र्या मोजल्या होत्या. पण लगेच पेढे वाटू नका. त्या निकालातसुद्धा त्याला परत युनिटला पाठवलं नाही, पेन्शनपुरती सर्व्हिस झाली असं मानून पेन्शनचा हक्क दिला, मधला पगार नाही. आणि २०१९ ला सतगुर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानंच डिस्चार्ज कायम ठेवलाय. तो माणूस वारंवार गैरहजर होता आणि नोटिशीला धड उत्तरही दिलं नव्हतं. तुमच्या भावाच्या त्या दोन ओळी समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत काढणार, त्याची तयारी ठेवा.

आता करायचं काय. आर्मी अॅक्टच्या कलम २६ खाली स्टॅच्युटरी कंप्लेंट (कायद्यातली लेखी तक्रार) करा, मुद्देसूद, आईच्या डायलिसिसचे हॉस्पिटलचे कागद तारखांसकट जोडून. सहा महिन्यांत उत्तर नाही आलं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलला (एएफटी, सैनिकांच्या केसेसचं न्यायाधिकरण) जायचं, तिथं पुढची सहा महिन्यांची मुदत असते, उशीर माफ होतो पण कारण द्यावं लागतं. भाऊ गावी राहतो म्हणून मुंबई बेंचलाच अर्ज करता येईल, शेवटचं पोस्टिंग कुठंही असू दे. दिवाळीपासून बराच वेळ गेलाय, आता बसून राहू नका.

कोट्याचं: पेन्शन न मिळता गैरवर्तन किंवा इनएफिशियन्सीवरून काढलेला माणूस एक्स-सर्व्हिसमन धरत नाहीत. हुकूम फिरला तरच तो दरवाजा उघडतो.

माणदेशी_गडी

सॉरी ताई, मला एवढं माहीत नव्हतं. पण तोवर खाणार काय? सिक्युरिटीत घेतील ना, पुण्यात आमची बरीच पोरं आहेत.

एएफटीवाला_वकील

तिथंही जपून. २००५ च्या प्रायव्हेट सिक्युरिटी कायद्यात आहे की सैन्यातनं गैरवर्तनावरून डिसमिस किंवा टर्मिनेट झालेल्याला गार्ड म्हणून ठेवता येत नाही. तुमच्या भावाचा डिसमिसल (बडतर्फी) नाही, डिस्चार्ज आहे, हा फरक एजन्सीला कागद दाखवून समजवावा लागेल. डिस्चार्ज ऑर्डरची झेरॉक्स जवळ ठेवा, तोंडी कोणी मानत नाही.

सुभेदार_रिटायर्ड

वकीलसाहेबांचं ऐका. पोरी, त्याच्या काळ्या ट्रंकेत बघ, नाव-नंबर रंगवलेली असेल. शो कॉजची कॉपी, मूव्हमेंट ऑर्डर, लीव्ह सर्टिफिकेटं, सगळं तिथंच कोंबलेलं असतं जवानाचं. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाक, शीट रोल (त्याच्या सर्व्हिसची नोंद) आणि प्राथमिक चौकशीचे कागद माग. चौकशी झालीच नसेल तर तसं लेखी येऊ दे, तेच कामाला येईल. आणि मघाशी बोललो ते मनावर घेऊ नको.

खटावची_लेक

ट्रंक उघडली. भाऊ स्वतःच उठून काढायला लागला, बऱ्याच दिवसांनी. लीव्ह सर्टिफिकेटं आहेत सगळी. शो कॉजची कॉपी पण आहे, नोटीस आणि त्याचं उत्तर दोन्हीवर एकच तारीख आहे. याला काही अर्थ आहे का?

एएफटीवाला_वकील

भरपूर आहे. उत्तर द्यायला वेळच दिला नाही हा वेगळा मुद्दा होतो. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, स्कॅन करा. इथं फोटो टाकू नका, त्यावर आर्मी नंबर असतो. कंप्लेंटचा मसुदा झाला की मला मेसेजमध्ये पाठवा, बघून देतो.