देण्याघेण्याच्या साड्या: हातमाग, खादी की सेंद्रिय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात भाचीचं लग्न आहे आणि मानपानाच्या कपड्यांची खरेदी माझ्या गळ्यात पडली आहे. पंचवीसेक साड्या आणि दहा-बारा पुरुषमंडळींचे कपडे. एरवी आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे: गठ्ठ्याने सिंथेटिक साड्या घ्यायच्या, घेणारीने त्या कपाटात ठेवायच्या आणि पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत घालायच्या. आमची एक साडी तर घडी न मोडता फिरून आमच्याकडेच आली.

या वेळी ताईला म्हटलं, नेसली जाईल अशी घेऊ, आणि जी बनवताना शेतकरी, विणकर, नदी यांचं फार वाटोळं झालेलं नसेल अशी घेऊ. ताई म्हणाली, "तू बघ बाई, पण एकीमागे हजाराच्या वर जायचं नाही."

बघायला लागले आणि गोंधळ वाढला. एका दुकानात 'ऑरगॅनिक कॉटन' असे कागदी टॅग होते. प्रमाणपत्र कुणाचं, असं विचारलं तर विक्रेता म्हणतो, "मॅडम, हात लावून बघा ना किती मऊ आहे." दुसरीकडे 'बांबू सिल्क' इको-फ्रेंडली म्हणून दाखवलं. बांबूचं खरंच असलं तरी ते बहुतेक व्हिस्कोसच, म्हणजे लगदा विरघळवून केलेला धागा, तोही कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन वापरून काढलेला. ते बाद.

आतापर्यंत कळलंय ते असं. हँडलूम मार्क हा सरकारी शिक्का म्हणजे कापड हातमागावर विणलंय एवढंच. सूत गिरणीचं आणि रंग रासायनिक असू शकतो. खादी म्हणजे कातणं-विणणं दोन्ही हाताने, पण खादी भांडारात पॉलिएस्टर मिसळलेलं पॉलिवस्त्रही मिळतं, विचारूनच घ्यावं लागतं. गॉट्सच्या (GOTS, सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक) चिन्हाला किमान ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो, नुसतं 'ऑरगॅनिक' लिहायचं तर ९५. शिवाय रसायनं, सांडपाणी, कामगार यांच्याही अटी आहेत. पण त्या चिन्हाची साडी मला कुठे दिसली नाही. दिसतात ती बाळांची झबली, टी-शर्ट आणि चादरी.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली ती आमच्याच भागातली, त्यामुळे 'सुती म्हणजे नैसर्गिक' एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

तर सांगा: हजाराच्या आत खरी हातमागाची सुती साडी मिळते का, आणि दुकानात उभ्या उभ्या ओळखायची कशी? सगळंच साधत नसेल तर तुम्ही आधी काय सोडाल? पुरुषांना शर्टपीस सोडून काय द्यावं? जाहिरात नको, वापरलेलं सांगा.

कांडीवाला: मी इचलकरंजीचा, घरी यंत्रमाग. साधी सुती साडी हातमागावर विणायला दिवस-दोन दिवस जातात. आता हजारातून सूत, रंग आणि दुकानदाराचा नफा वजा करा, विणकराच्या हातात काय उरतं ते बघा. विणकर सोसायटीच्या दुकानात किंवा सवलतीत क्वचित मिळेल, पण पंचवीस मिळायच्या नाहीत.

ओळखायचं म्हणाल तर काठाजवळची बारीक भोकं बघा असं सांगतात. त्यावर फार विसंबू नका, कापड ताणून धरायला आमच्या मागावरही दातेरी कड्या असतात, त्यांचीही भोकं पडतात. पैठणीसारखी नक्षी असेल तर उलटी बाजू बघा: हातमागावर ती दोन्हीकडून जवळजवळ सारखी दिसते, मशीनच्या नक्षीमागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. पदराच्या टोकाचा एक धागा काढून जाळा. पॉलिएस्टर असेल तर आक्रसून कडक गाठ होते, सूत कागदासारखं जळून राख होते. व्हिस्कोसही तसंच जळतं, म्हणून पूर्ण निकाल लागत नाही.

आणि एक, जरा रागाने: यंत्रमागाची सुती साडी घेतली म्हणजे पाप नव्हे. आमचा कामगारही बारा तास उभा असतो. पाणी नासतं ते रंगाई-धुलाईत. तमिळनाडूत तिरुपूरची रंगाई युनिटं २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने बंद करायला लावली ती तिथली नोय्यल नदी नासली त्यापायीच. हातमागाच्या गडद साडीचा रंगही कुठल्यातरी पाण्यातच जातो.

वर्धेकर: ताई, वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ पासूनचं. त्यांची मगन खादी आपल्याच भागातल्या सेंद्रिय कापसाची, रंग झाडपाल्याचे. तुमच्या बजेटात साडी बसायची नाही, पण कुर्त्याचं कापड बघा, पुरुषांचा प्रश्न सुटेल. पहिले काही धुणे वेगळे धुवा आणि सावलीत वाळवा, हे चिठ्ठीवर लिहून द्या. नाहीतर लोक रंग गेला म्हणून तुम्हालाच बोलतील.

शंकासुर: प्रमाणपत्रावरही डोळे झाकून जाऊ नका. २०२० मध्ये खुद्द गॉट्सनेच भारतातल्या सुमारे २० हजार टन कापसाची बनावट कागदपत्रं पकडली होती. टॅगवर परवाना क्रमांक आणि प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव हवं. मग ते गॉट्सच्या संकेतस्थळावर शोधा. क्रमांकच नसेल तर तो टॅग म्हणजे नुसता पुठ्ठा.

सोनचाफा: आमच्याकडे मुलाच्या लग्नात मानाच्या मोजक्याच साड्या दिल्या, ज्या त्या बाईला आधी विचारून. बाकीच्यांना खादीचे पंचे. एक मामेसासूबाई रुसल्या. त्या तशाही रुसल्याच असत्या.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. कांडीवालादादा, राग बरोबर आहे तुमचा, हातमाग-यंत्रमाग हा हट्ट मी सोडतेय. रंग फिके आणि मिसळ नसलेलं सूत, एवढं धरून ठेवते. ताईशी बोलले: सहा मानकरणींना अडीच हजारापर्यंतची हातमागाची, तीही त्यांना दुकानात नेऊन. एकूण पंचवीस हजारांतून उरलेल्या दहा हजारांत एकोणीस जणी, म्हणजे पाचशेच्या आसपास. यात पंच्याशिवाय काय बसेल? वर्धेकर, तिथे या भावात ओढण्या मिळतात का, आणि डिसेंबरसाठी मागणी कधी नोंदवावी लागेल?