तिवरं तोडून तिप्पट लावली, की भरपाई झाली?

खाजणकर: रस्त्यासाठी तिवरं (खाडीकाठची खारफुटी) तोडायची म्हटलं की उत्तर ठरलेलं: तिप्पट लावू. २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेतच तिप्पट क्षेत्रावर लागवडीची अट आहे. मला ती पटत नाही. तिवरं जगतात ती भरती-ओहोटीच्या पाण्यावर. रोप फार खाली लावलं तर तासन्‌तास बुडून मुळं गुदमरतात, खोडावर बार्नॅकल (चिकटून राहणारे कवचधारी जीव) चढून ते आडवं होतं. फार वर लावलं तर उन्हाळ्यात जमिनीवर मीठ फुलतं आणि रोप करपतं. मग मोकळा दिसतो म्हणून खाडीचा चिखल निवडतात. मुंबईतल्या शिवडीचा चिखल मोकळा नाही हो, रोहित पक्षी तिथेच चरतात!

बांधावरून: चिखलावर लागवड नको, हे मान्य. पण लागवड फसते म्हणून भरपाईच अशक्य, हे पटत नाही. तमिळनाडूत पिचावरमला माशाच्या काट्यासारखे चर खणले: मधे मुख्य कालवा, त्याला ४५ अंशांत फुटणारे फाटे, आणि रोपं चरांच्या उतारावर, जिथे भरतीचं पाणी येतं पण साचत नाही. उजाड पट्टा पुन्हा हिरवा झाला. आपल्याकडे पडीक मिठागरांचे बांध फुटले की तिवरं आपोआप उगवतात, रोपवाटिकाही लागत नाही. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तोड थांबवली तेव्हाही सार्वजनिक हिताचा अपवाद ठेवलाच. शहराला रस्ते लागतात.

खाजणकर: बांध फोडायचा तर पलीकडे काय आहे ते आधी बघा. भांडुप-मुलुंडकडची मिठागरं पावसाचं पाणी सामावून घेतात. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला, तर ते पाणी जाणार कुठे? आणि इथे तोडलेल्या तिवरांत चिंबोरी, निवटी, बोयची पिल्लं वाढायची. दुसऱ्या खाडीत झाडं लावून या खाडीवरच्या कोळ्याच्या जाळ्यात काय येणार?

मोरीचा तळ: दोघेही तोडलेल्या झाडांवरच अडलात. न तोडलेली झाडंही मरतात. भराव टाकून रस्ता केला आणि मोरीचा (भरावाखालून पाणी जाण्याच्या वाटेचा) तळ खाडीच्या ओहोळापेक्षा वर ठेवला, तर आत शिरलेलं पाणी ओहोटीला बाहेर पडत नाही. चिखलातून वर येऊन हवा घेणारी श्वासमुळं सतत बुडालेली राहिली की उभं झाड वाळतं. नळाच्या अरुंद मोऱ्या प्लास्टिकने तुंबतात त्या वेगळ्याच. रस्ता करायचाच तर खांबांवर करा.

बांधावरून: खांबांना माझा पाठिंबा आहे. पण खांब रोवायला यंत्रं नेतात, त्यासाठी तात्पुरता भराव घालतात आणि काम संपलं तरी तो तिथेच राहतो. तो मूळ पातळीपर्यंत काढल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नये.

खाजणकर: एवढं निविदेत लिहून येऊ द्या, मग तिपटीचं बोलू.