मशीन 'नाही' म्हणालं तर अंगणवाडी ताईने काय करायचं?

गोदाकाठ:
माझी आई बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे, २२ वर्षं झाली. जुलै २०२५ पासून टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराचं पाकीट द्यायचं तर मोबाइलवर बाईचा फोटो काढायचा आणि तो आधारशी जुळला तरच नोंद होते. आता आधार काढलंय लग्नाआधी माहेरी, बाळंतपणात चेहरा सुजलेला, गावात रेंज नाही, ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर आणि तो ऊसतोडीला कर्नाटकात. मागच्या महिन्यात सात महिन्यांची गरोदर बाई तीनदा चालत आली. लग्न होऊन गावात आल्यापासून आई तिला ओळखते तरी मॅच नाही म्हणजे नाही. चेहरा जुळवणारं हे एआय असावं का नसावं हा वाद मला घालायचाच नाहीये, समोर ओळखणारं माणूस बसलंय त्याच्या शब्दाला किंमत कशी येणार तेवढं सांगा.

रानवारा:
बोगस नावं असतात हो, आमच्या गावात पाकिटं म्हशींना घातलेली मी बघितलीत. त्यामुळे तपासणी पाहिजेच. पण संशय आला तर घरी जाऊन बघा ना, आधी वाटप बंद कशाला?

मेलबर्नवासी:
इथे ऑस्ट्रेलियात रोबोडेट नावाची सरकारी वसुली योजना झाली ते वाचा. त्यात एआय पण नव्हतं, वर्षाच्या कमाईची पंधरवड्यांवर नुसती सरासरी काढायचे आणि भत्ता घेणाऱ्यांना वसुलीची पत्रं पाठवायचे, आधी माणूस तपासायचा ते बंद केलं आणि चूक नाही हे सिद्ध करायचं ओझं गरिबावर टाकलं. ४ लाखांहून जास्त लोक अडकले, शेवटी पैसे परत द्यावे लागले आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. मला तुमच्या आईच्या गोष्टीत तेच दिसतंय.

सातबारा:
एवढं लांब कशाला, तेलंगणात कॉम्प्युटरच्या पडताळणीवर रेशनकार्डं रद्द केली होती, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुमारे १९ लाख कार्डं प्रत्यक्ष जाऊन परत तपासायला लावली. आणि गोदाकाठ, गरोदर बाईचा आहार हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तिचा हक्क आहे, त्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी पण आहे. तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

गोदाकाठ:
हे माहीतच नव्हतं. आईला आजच सांगतो, प्रत्येक फेलची तारीख, वेळ वहीत लिही, स्क्रीनशॉट ठेव, बाईची सही घे. ती वही घेऊन ग्रामसभेत मी स्वतः उभा राहतो.