इन-इअर इअरफोन किती दिवस टिकायला हवेत? माझे वायरचे आठ महिन्यांच्या पुढे जात नाहीत

ऐकून_लिहिणारी (अमळनेर)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण माझी कमाई त्याच्यावर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी घरी बसून रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देते. सकाळी क्लासची लेक्चरं आणि मुलाखती. त्याचे मिनिटावर पैसे मिळतात. दुपारनंतर माझ्या जिवाचं काम. अमळनेर, पारोळा, शिरपूरकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बाया अहिराणीत जात्यावरच्या ओव्या म्हणतात, श्रावणात कानबाईची गाणी म्हणतात. ती मी मोबाइलवर टिपून आणते आणि शब्दन् शब्द उतरवते. 'माय, मना आवाज यामा शे का?' (माझा आवाज यात आहे का?) असं त्या विचारतात, आणि मी एक बोंडूक त्यांच्या कानात घालून त्यांचाच आवाज त्यांना ऐकवते. जात्याची घरघर चालू असते, मागे कोंबड्या असतात, आणि त्यातून आजी 'शे' म्हणाली की 'से', हे मला ठरवायचं असतं. एका गावात शे, दुसऱ्या गावात से. चुकीचं उतरवलं तर गाणं त्या गावचं राहत नाही. स्पीकरवर हा फरक मला कळत नाही. डोक्यावरचे मोठे हेडफोन घेऊन पाहिले, पण आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ते दहा मिनिटंही सहन होत नाहीत. म्हणून कानात घालायचेच लागतात, रोज सात तास, आठवड्यातले सहा दिवस.

मी वही ठेवते. चार वर्षांत सात झाले. पहिले चार वायरचे, ४०० ते ७०० रुपयांचे. चौघांचं मरण एकच: पिनेजवळ वायर वाकवून धरली तर दोन्ही कानांत आवाज, सोडली की एकाच कानात. एकदा तर आठवडाभर रबरबँड लावून वायर वाकडी धरून काम केलं. पाचवा १५०० चा, चपट्या वायरीचा. त्याची वायर शाबूत आहे, पण पाचव्या महिन्यापासून उजव्या कानात आवाज हळूहळू बारीक होत गेला. तो ड्रॉवरमध्ये पडून आहे. सहावे बिनवायरचे बड, २२०० चे. नवे होते तेव्हा पाच तास चालायचे, चौदाव्या महिन्यात डावा दीड तासात मान टाकायला लागला. वॉरंटी एक वर्षाची होती. सातवा परत वायरचा, आता खरखरतोय.

दुकानदार म्हणाला, 'ताई, इअरफोन म्हणजे चप्पल. झिजली की टाकायची.' मला हे पटत नाही. चप्पलसुद्धा आमच्या घरी दोनदा शिवून घेतात.

२५०० पर्यंत खर्च करायची तयारी आहे. काय बघून घेऊ? की महाग घेऊनही हेच होणार?

सोल्डरवाला (जळगाव)

ताई, मी गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीला बसतो, १६ वर्षं झाली. तुमची वही वाचून बरं वाटलं, कारण इतकं नीट कोणी सांगत नाही. 'बंद पडला' एवढंच सांगतात.

माझ्याकडे जे वायरचे इअरफोन येतात, त्यांत आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, जळालेला फार क्वचित सापडतो. तो अनेक वर्षं चालतो. मरते ती वायर, आणि तीही ठरलेल्या तीन जागी: पिनेच्या मुळाशी, दोन कानांसाठी वायर फुटते त्या जोडावर, आणि बोंडकात शिरते तिथे. आत केसासारख्या बारीक, लाखेचा थर दिलेल्या तांब्याच्या तारा असतात, सोबत ताण घ्यायला नायलॉनचे धागे. एकाच जागी रोज वाकली की एकेक तार तुटत जाते. तुम्ही लॅपटॉपला लावून बसता ना? पिन सरळ असेल तर हाताचा, पदराचा प्रत्येक धक्का थेट तिच्या मुळावर बसतो. तुमचे पहिले चार असेच गेले असणार.

ते फेकून दिले नसतील तर घेऊन या. खराब भाग कापायचा, वरचा लाखेचा थर सोल्डरिंगच्या उष्णतेने जाळायचा, नवीन पिन लावायची. बहुतेकांत लाल तार उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याच्या रंगाची ग्राउंड. माइकची प्रत्येक कंपनीत वेगळी, ती मीटरने शोधावी लागते. अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त नवीन पिन आडवी, एल आकाराची घालू.

आता पाचव्याबद्दल. वायर शाबूत आहे आणि आवाज एकदम न जाता हळूहळू बारीक झाला, हे वाचून माझा अंदाज आहे की तो मेलेलाच नाही. टोकावरच्या जाळीत कानाचा मळ बसला असणार. रबरी टोपी काढा, बोंडूक उजेडात धरा. जाळी पिवळी किंवा बुजलेली दिसली तर तोंड जमिनीकडे करून कोरड्या, मऊ टूथब्रशने हलकं झाडा. तोंड खालीच हवं, नाहीतर मळ आत पडतो. टाचणी घालायची नाही, स्पिरिट ओतायचं नाही. टोप्या वेगळ्या काढून साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. निम्मी गिऱ्हाईकं 'एक कान गेला' म्हणून येतात आणि मी ब्रश मारून परत देतो.

बडचा हिशेब मात्र वेगळा. त्यात मरते ती बॅटरी. एका बडमध्ये ३० ते ५० एमएएचची चिमुकली लिथियम बॅटरी असते, आणि अशी बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास आणते, पुढे घसरण वाढते. तुमचा वापर सात तास, बड चालणार पाच तास, म्हणजे रोज जवळपास दीड चार्ज. वर्षाला चारशेच्या वर. जो माणूस रोज तासभर गाणी ऐकतो त्याला तेच बड तीन वर्षं जातील. तुमचे चौदाव्या महिन्यात थकले यात कंपनीचा फार दोष नाही, ते तुमच्या कामासाठी बनलेले नव्हते. उघडून बॅटरी बदलता येते का, असं सगळे विचारतात. गोंदाने चिकटवलेलं असतं, उघडताना कवच फुटतं, आणि पुन्हा पाणी-घाम अडत नाही. मी ते काम घेत नाही.

तेव्हा तुम्ही वायर निघणारे इन-इअर घ्या. बोंडूक वेगळं, वायर वेगळी. वायर मेली की फक्त वायर बदलायची, कान तेच. तुमच्या बजेटमध्ये मूनड्रॉप चू २, ट्रूथिअर, केझेड यांचे मिळतात. 'चू'चा पहिला मॉडेल घेऊ नका, त्याची वायर निघत नाही, दुसऱ्याची निघते. जोड दोन प्रकारचे असतात. एक टू-पिन, ०.७८ मिलिमीटरच्या दोन बारीक पिना. दुसरा एमएमसीएक्स, टच्चकन बसणारा गोल. शुअर एसई २१५ मध्ये तो आहे, पण तो तुमच्या बजेटबाहेर. एमएमसीएक्स गोल फिरतो, आणि सारखा काढला-घातला की ढिला होऊन खरखरतो. टू-पिनच्या पिना तिरप्या ओढल्या तर वाकतात. दोन्हींत नियम एकच: जोड आहे म्हणून रोज काढायचा नाही. आणि सुटी वायर मागवताना जोड कसा आहे याचा फोटो आधी दुकानदाराला दाखवा. केझेडच्या बऱ्याच मॉडेलना पिनांवर प्लास्टिकची टोपी असलेली वायर लागते, ती दुसऱ्या कंपनीच्या सपाट खोबणीत नीट बसत नाही.

अजून एक, हे आजच करा. एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घ्या, लॅपटॉपमध्ये ती कायम लावून ठेवा, आणि इअरफोन तिच्या दुसऱ्या टोकाला लावा. रोजची ओढाताण तीच सोसेल. लॅपटॉपचा जॅकही वाचेल, आणि तो बदलायचा तर बोर्डाचं काम निघतं. इअरफोनला माइक असेल, म्हणजे पिनेवर तीन पट्ट्या असतील, तर एक्स्टेन्शनही तीन पट्ट्यांचीच घ्या.

केळी_आणि_ठिबक (रावेर)

सोल्डरवाले भाऊ, बॅटरीचं तुम्ही सांगितलं, त्यात उन्हाचं राहिलं. माझे बड वर्षाच्या आत गेले, आणि चूक माझी होती. रात्री लाइट येते म्हणून पाणी द्यायला बागेत जातो, तेव्हा कानात भजन लावतो. दिवसा मात्र केस मोटारसायकलच्या डिकीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डिकीत त्याच्याहून किती जास्त होत असेल. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी, आणि केसमध्ये बड ठेवले की ते आपोआप चार्ज होत बसतात. म्हणजे मी रोज दुपारी त्यांना भट्टीत घालून चार्ज करत होतो. दोन महिन्यांत फुगून केसचं झाकण बसेना.

दुसरं, डब्यावर आयपीएक्स ४ किंवा ५, म्हणजे पाणी कितपत अडतं त्याचा आकडा, लिहिलेला असतो तो बडसाठी. केसला बहुतेक वेळा तो लागू नसतो. घामेजलेले बड तसेच केसमध्ये टाकले की चार्जिंगच्या पितळी टिकल्या हिरव्या पडतात. आणि ती परीक्षा साध्या पाण्याने केलेली असते, घामात मीठ असतं. आता मी नेकबँड वापरतो. बॅटरी मोठी, तीन दिवसांतून एकदा चार्ज, गळ्यात असतो म्हणून चारीत पडत नाही. ताईंनी नेकबँडचा विचार करावा.

ऐकून_लिहिणारी (अमळनेर)

रावेरचे दादा, नेकबँड मैत्रिणीचा आणून पाहिला होता. माझ्या कामात दर दहा सेकंदांनी थांबवायचं, दोन सेकंद मागे जायचं, पुन्हा ऐकायचं असं चालतं. ब्लूटूथवर दर वेळी पहिलं अक्षर गिळलं जातं. ओवीत पहिलं अक्षर गेलं की संपलं. म्हणून वायरच हवी. पण बडच्या केसचं तुम्ही सांगितलं ते खरं आहे, माझी केस खिडकीत उन्हातच असायची.

सोल्डरवाले दादा, पहिल्या चारांतले दोन सापडले. ड्रॉवर उघडून पाचवाही बघते.

शाळेतून_निवृत्त (धुळे)

बेटा, टिकण्याबद्दल सगळ्यांनी सांगितलं, मी कानाबद्दल सांगतो, कारण ते बदलून मिळत नाहीत. माझा डावा कान कमी ऐकतो. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते. तू सात तास सहा दिवस म्हणतेस, ते ४२ होतात. म्हणजे तुझा आवाज ८० च्या बराच खाली असला पाहिजे. त्यासाठी डब्यात येणाऱ्या तिन्ही मापांच्या टोप्या लावून बघ. दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी चालतं. टोपी घट्ट बसली की पंख्याचा आवाज बाहेर राहतो आणि व्हॉल्यूम वाढवावा लागत नाही. बहुतेक लोक डब्यातून निघालेली मधली टोपीच आयुष्यभर वापरतात. दर तासाला पाच मिनिटं कान मोकळे ठेव.

सोल्डरवाला (जळगाव)

सरांचं बरोबर आहे. टोपी नीट बसली नाही तर बेसही गळतो, आणि लोक इअरफोन खराब समजून माझ्याकडे येतात.

ताई, वायर गुंडाळण्याचं राहिलं. मोबाइलभोवती करकचून गुंडाळू नका, पिनेच्या मुळाशी तेवढ्यानेच तुटते. चार बोटांवर सैल वेटोळी करून डबीत ठेवा. काढताना पिनेला धरून काढा, वायरीला नाही. आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं आपल्या उन्हाळ्यात सहा महिन्यांत उडतात, मग वॉरंटी असून उपयोग नाही.

ऐकून_लिहिणारी (अमळनेर)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, राग मानू नका.

पाचवा जिवंत आहे! उजेडात धरला तर उजवी जाळी पूर्ण बुजलेली. ब्रशने झाडलं, आणि टोपी धुऊन रात्रभर वाळत ठेवली. सकाळी दोन्ही कान सारखे. दीड वर्ष तो ड्रॉवरमध्ये होता आणि मी त्यानंतर दोन नवे घेतले, याचं फार वाईट वाटलं.

शनिवारी गाडीने जळगावला गेले. दादांनी दोन जुन्यांना आडव्या पिना लावून दिल्या, मीटर लावून माइकची तारही शोधली. एक भाच्याच्या अभ्यासासाठी दिला. बिनवायरचे बड ई-कचऱ्यात द्यायला त्यांच्याकडेच ठेवून आले. नवीन घेतला तो टू-पिनचा, निघणाऱ्या वायरीचा, १९०० ला, सोबत एक सुटी वायर. माझ्या डाव्या कानाला लहान टोपी लागते आणि उजव्याला मधली, हे सरांमुळे कळलं. पूर्वी व्हॉल्यूम ७० च्या पुढे असायचा, आता ४५ वर भागतं.

एक्स्टेन्शन लावून पहिलं काम केलं ते शिरपूरकडच्या एका आजीच्या ओव्यांचं. जुन्या उताऱ्याशी ताडून पाहिलं तर तीन जागी मी 'से' लिहिलं होतं, आणि आजी स्पष्ट 'शे' म्हणते. दुरुस्त केलं.

वहीत आठव्या क्रमांकापुढे तारीख टाकली आहे. या वेळी दोन रकाने आखलेत, एक कानाचा आणि एक वायरीचा.