मदत हवी आहे : काळ्या मातीतून प्राण्यांच्या पावलांचे साचे कसे घ्यावेत?

मी निफाड तालुक्यातील एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे उसात बिबट्याचा वावर असल्याने मुलांना त्याची भीती आहे, ओळख मात्र नाही; ती व्हावी म्हणून शाळेमागे भुसभुशीत मातीचा पट्टा करून, रात्रीतून त्यावर उमटलेले ठसे सकाळी वाचायला मी त्यांना शिकवत आहे. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा असतात, मांजराच्या ठशात नसतात, हे मुलांनी स्वतःच शोधले, आणि बिबट्याही चालताना नखे अशीच आत घेतो हे कळल्यावर वर्ग क्षणभर अगदी शांत झाला.

अडचण साच्यांची आहे. दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, एक भाग पाणी, भोवती पुठ्ठ्याचे कडे, असे करून अर्ध्या तासाने साचा उचलला. पण चिकट माती खरवडताना बोटांच्या कडा तुटतात. चाळलेली वाळू पसरली, तर ठसाच ढासळतो. मुलांना उसाजवळ नेता येणार नाही आणि खर्च बेताचाच हवा. अशा मातीत नेमके काय मिसळावे, आणि साचा किती वेळाने उचलावा?